पुलावरचा जॉर्ज, झुडपाखालचा एलीया

बर्फात बुडालेलं एक लहान अमेरिकी गाव. नाताळची आदली रात्र, साल १९४५. कॅमेरा एकेका इमारतीवरून सरकत जातो आणि आतून आवाज ऐकू येतात. औषधांच्या दुकानाचा म्हातारा मालक देवाला सांगतो की माझं जे काही आहे ते जॉर्ज बेलीमुळे आहे. गावातल्या बारचा इटालियन मालक योसेफ, येशू आणि मरिया अशा तिघांनाही साकडं घालतो. एक मित्र काहीसा कुरकुरतोच: हा माणूस कधी स्वतःचा विचार करत नाही, म्हणून तर अडचणीत सापडलाय. आईचा आवाज, बायकोचा आवाज आणि शेवटी लहान मुलांचे. बाबांना काहीतरी झालंय, त्यांना घरी आण, एवढंच त्यांचं मागणं.

फ्रँक काप्रा यांच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या चित्रपटाची ही सुरुवात. नायकाचा चेहरा प्रेक्षकाने अजून पाहिलेलाही नाही. त्याआधी त्याच्यासाठी केलेल्या प्रार्थना आपल्या कानांवर पडतात. फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न या लेखकाने एक छोटी कथा लिहिली, ती कुठे छापली जाईना, म्हणून १९४३ साली तिच्या २०० प्रती स्वतः छापून नाताळच्या शुभेच्छा म्हणून मित्रांना पाठवल्या. तिच्यावरून हा चित्रपट निघाला. १९४६च्या डिसेंबरात तो प्रदर्शित झाला तेव्हा खर्चही भरून निघाला नाही. १९७४ साली त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, आणि मग अमेरिकेतल्या दूरचित्रवाणी केंद्रांनी दर नाताळात तो दाखवायचा सपाटाच लावला. प्रार्थना करणारा माणूस कसा दिसतो, कसा बोलतो, याचं चित्र तिथल्या अनेकांच्या मनात चर्चइतकंच या चित्रपटानेही रेखलं, असं म्हटलं तर वावगं ठरू नये.

त्याची ख्याती गोड, डोळे ओलावणारी नाताळकथा अशी आहे. पण त्याच्या पोटात जी प्रार्थना आहे ती अजिबात गोड नाही. ती आहे, ‘मी जन्मलोच नसतो तर बरं झालं असतं’ ही. गंमत म्हणून कुणी असं म्हणत नाही. आणि ज्या ग्रंथाच्या सावलीत हा चित्रपट उभा आहे त्या बायबलमध्ये हेच शब्द देवाच्या अत्यंत जवळच्या माणसांच्या तोंडी आहेत. मोशे, एलीया, योना, यिर्मया, ईयोब. यांतलं प्रत्येक नाव श्रद्धेच्या इतिहासातलं मोठं नाव आहे, आणि यांतल्या प्रत्येकाने कधी ना कधी मरण मागितलं आहे किंवा आपल्या जन्मदिवसाला शाप दिला आहे. अशी प्रार्थना आली की पुढे काय होतं, हे चित्रपटात आणि बायबलमध्ये शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे.

जॉर्ज बेली बेडफर्ड फॉल्स गावात लहानाचा मोठा झाला. त्याला जग पाहायचं होतं, पूल आणि इमारती बांधायच्या होत्या. पण वडील गेले आणि त्यांची छोटी घरकर्ज देणारी संस्था त्याच्या गळ्यात पडली. गावातली बाकी जवळजवळ सगळी मालमत्ता हेन्री पॉटर नावाच्या धनिकाच्या मुठीत. ही संस्था बुडाली तर गरिबाला स्वतःचं घर बांधायला दुसरा आधार नाही. म्हणून जॉर्ज राहिला. भाऊ शिकायला गेला, मित्र पैसेवाला झाला, जॉर्ज तिथेच. आणि त्या नाताळच्या आदल्या दिवशी त्याच्या विसरभोळ्या काकांच्या हातून संस्थेचे ८,००० डॉलर हरवले. वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते पैसे नकळत पॉटरच्याच हाती पडले होते, आणि पॉटरने ते गुपचूप ठेवून घेतले. तपासनीस दारात बसलेला, अटकेचं वॉरंट निघणार. जॉर्ज पॉटरपाशीच हात पसरतो, विम्याची पॉलिसी पुढे करतो. तू जिवंत असण्यापेक्षा मेलेलाच जास्त किमतीचा, अशा अर्थाचं उत्तर त्याला मिळतं.

तिथून तो बारमध्ये जातो आणि प्रार्थना करतो. ओठांतल्या ओठांत, कपाळाशी मुठी टेकवून. मी काही प्रार्थना करणारा माणूस नाही, असं आधीच सांगून टाकतो. पण तू वर असशील आणि मला ऐकू शकत असशील, तर वाट दाखव, माझ्यात आता काही उरलेलं नाही. जेम्स स्ट्यूअर्ट हे दृश्य करताना खरोखर रडले. महायुद्धात बाँबफेकी विमानं चालवून ते नुकतेच परतले होते, आणि हा त्यांचा युद्धानंतरचा पहिला चित्रपट होता. ते शब्द उच्चारताना, ज्यांना जायला जागाच उरली नाही अशा माणसांचं एकाकीपण आपल्याला जाणवलं आणि आपण मोडून पडलो, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. कॅमेरा दूर होता. तसं रडू पुन्हा आणता येणं शक्य नव्हतं, म्हणून काप्रा यांनी नंतर प्रयोगशाळेत ती चौकट मोठी करून घेतली आणि चेहरा जवळ आणला. आजही ते दृश्य पाहताना अभिनय संपून काहीतरी वेगळंच सुरू झाल्यासारखं वाटतं.

या प्रार्थनेला पहिलं उत्तर काय मिळतं? ठोसा. त्याआधी जॉर्जने मुलीच्या शिक्षिकेला फोनवर नको नको ते सुनावलेलं असतं. तिचा नवरा शेजारीच बसलेला असतो, तो जॉर्जच्या जबड्यावर एक ठेवून देतो. प्रार्थना केल्याचं हे फळ, असं जॉर्ज रक्ताळलेल्या ओठांनी म्हणतो. पटकथाकारांनी हा प्रसंग नेमका तिथे घातला याचं मला कौतुक वाटतं. देवाचा धावा करावा आणि परिस्थिती आणखी बिघडावी, हा अनुभव भक्तिपर चित्रपट सहसा लपवतात.

बायबल तो लपवत नाही. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, आणि त्यांतली सुमारे एकतृतीयांश आक्रोशाची आहेत: किती काळ, का, कुठे आहेस, तोंड का लपवतोस. यांतली बहुतेक शेवटी वळतात, विश्वासाच्या किंवा आभाराच्या एखाद्या ओळीपाशी येऊन थांबतात. ८८वं स्तोत्र मात्र वळत नाही. त्यातला माणूस रात्रंदिवस हाका मारतो, जवळची माणसं तुटल्याचं सांगतो, आणि स्तोत्र अंधारातच संपतं. उत्तर नाही, दिलासा नाही. ज्यांनी हा संग्रह केला त्यांनी ते वगळलं नाही, त्याच्या शेवटी दोन आशेच्या ओळीही जोडल्या नाहीत. ते उपासनेत म्हणण्यासाठी ठेवलं. २२व्या स्तोत्राची पहिली ओळ तर मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांत वधस्तंभावरच्या येशूच्याच तोंडी येते.

देवाशी असं भांडणं मराठी वाचकाला परकं वाटायचं कारण नाही. तुकोबांनी विठ्ठलाला किती सुनावलं आहे! नारायण वामन टिळक, ज्यांनी मराठी ख्रिस्ती भक्तीला अभंगाचा साज दिला, ते तर तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. स्तोत्रकर्त्याची तक्रार आणि वारकऱ्याची तक्रार यांचा स्वभाव किती मिळताजुळता आहे, हे टिळकांना कुणी समजावून द्यावं लागलं नसणार. दोघांनाही देव समोर आहे याबद्दल शंका नसते. तो गप्प का आहे, हेच त्यांचं दुखणं असतं.

जॉर्ज गावाबाहेरच्या पुलावर जातो. खाली काळं, थंड पाणी. तो उडी टाकणार तेवढ्यात दुसरंच कुणीतरी पाण्यात पडतं आणि वाचवा म्हणून ओरडतं. जॉर्ज सवयीने त्याला वाचवायला उडी घेतो. तो पडलेला म्हणजे क्लॅरेन्स हा देवदूत. जॉर्ज कसा आहे हे त्याला ठाऊक होतं. या माणसाला मरणापासून परतवायचं तर त्याला कुणाला तरी वाचवायला लावलं पाहिजे. पुलाच्या रखवालदाराच्या खोलीत ओले कपडे वाळत असताना जॉर्ज म्हणतो की मी जन्मलोच नसतो तर बरं झालं असतं, आणि क्लॅरेन्स ती इच्छा मंजूर करतो.

ईयोबाच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय याच इच्छेने सुरू होतो. संपत्ती गेली, मुलं गेली, अंगभर फोड उठले, सात दिवस तो राखेत गप्प बसला, आणि मग तोंड उघडलं ते आपल्या जन्मदिवसाला शाप देण्यासाठी. तो दिवस काळोखात जावो, ती रात्र वर्षाच्या दिवसांत मोजलीच जाऊ नये. यिर्मया तर त्याच्या बापाला मुलगा झाल्याची बातमी सांगणाऱ्या माणसालाही शाप देतो. ईयोबाने जे मागितलं ते बायबलमध्ये होत नाही, चित्रपटात होतं. दिनदर्शिकेतून एक जन्म खरोखरच खोडला जातो, आणि पुढची वीसेक मिनिटं जॉर्ज त्या खोडलेल्या जगात वणवण फिरतो. त्याने लहानपणी भावाला बर्फाच्या भगदाडातून ओढून काढलं होतं. आता त्या भावाचं थडगं आहे. भाऊ नाही म्हणून युद्धात त्याने वाचवलेली जहाजभर माणसंही नाहीत. औषधवाल्याच्या हातून एकदा मुलगा गेल्याच्या दुःखात विषारी गोळ्या भरल्या गेल्या होत्या, त्या जॉर्जने रोखल्या होत्या. आता तो औषधवाला तुरुंगवास भोगून आलेला भणंग आहे. गावाचं नावसुद्धा पॉटरच्या नावावरून पडलं आहे.

मरण मागणाऱ्या माणसाला बायबलमध्ये काय मिळतं, ते एलीयाच्या गोष्टीत सगळ्यात स्पष्ट दिसतं. राजांच्या पहिल्या पुस्तकातला १९वा अध्याय. आदल्याच अध्यायात त्याने कर्मेल डोंगरावर बआल या देवतेच्या ४५० संदेष्ट्यांना एकट्याने आव्हान दिलं, त्याच्या प्रार्थनेने आकाशातून अग्नी आला, मग पाऊसही आला. इतकी लख्ख ऐकली गेलेली प्रार्थना अख्ख्या बायबलमध्ये विरळा. आणि लगेच ईजबेल राणीची धमकी येते, तशी तो जीव घेऊन पळतो. बैरशेब्यापाशी सेवकाला सोडतो, एक दिवसाची वाट चालून रानात जातो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो: पुरे झालं, माझा प्राण घे, मी माझ्या पूर्वजांपेक्षा काही बरा नाही. आणि झोपतो.

देवदूत येतो. तो उपदेश करत नाही, कालच्या चमत्काराची आठवण करून देत नाही, धीर धर असंही म्हणत नाही. तो एलीयाला हात लावून उठवतो आणि सांगतो, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो. मग दुसऱ्यांदा उठवतो: खा, वाट मोठी आहे. प्रार्थनेबद्दल जेवढं म्हणून मी वाचलं आहे त्यात या काही ओळींइतकं समंजस काही मला आढळलं नाही. खचलेल्या माणसाला आधी अन्न, पाणी, झोप आणि एक स्पर्श लागतो, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

एलीया तिथून ४० दिवस चालत होरेब डोंगरावर जातो. देव विचारतो, तू इथे काय करतोस? तो सांगतो: मी एकटाच उरलो आहे, आणि माझ्याही जिवावर ते उठले आहेत. वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी येतो. देव त्यांत नसतो. मग एक मंद, शांत आवाज. तोच प्रश्न पुन्हा, आणि एलीयाचं उत्तर शब्दन् शब्द तेच. म्हणजे एवढं सगळं पाहूनही त्याचं मन पालटलेलं नाही! देव त्याबद्दल त्याला बोल लावत नाही. तो त्याला तीन कामं देतो, अलीशा नावाचा सोबती देतो, आणि एक आकडा सांगतो: बआलपुढे गुडघे न टेकलेले ७,००० जण अजून आहेत. तू एकटा नाहीस.

मोशेचंही जवळपास असंच. गणनेच्या पुस्तकातल्या ११व्या अध्यायात लोक रानात रोज खाव्या लागणाऱ्या मान्न्याला कंटाळले आहेत. मिसरातले मासे, काकड्या, कलिंगडं, कांदे, लसूण त्यांना आठवतात आणि ते रडतात. मोशे देवावर उखडतो. या सगळ्यांना मी जन्म दिला का, की दाईने तान्हं पोर घ्यावं तसं यांना उराशी घेऊन चालू? मला एकट्याला हे झेपत नाही. असंच करणार असशील तर मला मारून टाक. देव त्याला ७० वडीलधारे गोळा करायला सांगतो. त्यांनी ओझं वाटून घ्यायचं. योनाची तऱ्हा वेगळी: निनवे शहराला देवाने माफ केलं म्हणून तो रागाने मरण मागतो, आणि त्याला सावली देणारा वेल मिळतो, वेल कुरतडणारा किडा मिळतो आणि प्रश्न मिळतात. त्याच्या पुस्तकाचा शेवटही प्रश्नावरच होतो.

मरण कुणालाच मिळत नाही. पण मागितलं म्हणून एकालाही पापी ठरवलेलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. निराशेला श्रद्धेची उणीव समजणाऱ्या उपदेशकांनी हे अध्याय सावकाश वाचायला हवेत.

चित्रपट इथपर्यंत बायबलच्या अगदी जवळून चालतो. जॉर्जलाही कुणी झापत नाही. त्यालाही सोबती पाठवला जातो, त्यालाही एकटा नसल्याचं कळतं. पण दोन ठिकाणी वाटा फुटतात. एक किरकोळ आहे. क्लॅरेन्सला पंख मिळालेले नाहीत, ते कमवायचे आहेत, आणि घंटा वाजली की कुणा देवदूताला पंख मिळाले असं समजायचं, हे सगळं चित्रपटातलं. क्लॅरेन्स आधी माणूस होता. बायबलमध्ये माणसं मरून देवदूत होत नाहीत. तिथे सहा पंखांचे सराफीम आहेत, पंखांचे करूबीम आहेत, पण अब्राहामाच्या तंबूपाशी आलेले किंवा एलीयाला उठवणारे दूत पंखांशिवायच वर्णिलेले आहेत.

दुसरी फारकत मात्र खोल आहे. चित्रपट जॉर्जला पुरावा देतो. बघ, तू नसतास तर हा मेला असता, ही माणसं मेली असती, हे गाव नासलं असतं. म्हणून तुझं जगणं मोलाचं. पाहताना गळा दाटून येतो, पण नंतर एक प्रश्न छळतो. ज्याने कुणाला बुडताना वाचवलं नाही, ज्याच्या नसण्याने गावाचं नाव बदललं नसतं, अशा माणसाने पुलावर काय करावं? चित्रपटाच्या हिशेबात त्याच्यासाठी जागा सापडत नाही. ईयोबाला असा कोणताही पुरावा दाखवला जात नाही. देव वावटळीतून बोलतो तेव्हा तो ईयोबाच्या सत्कृत्यांची यादी वाचत नाही. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, रानातली हरिणी कधी विते हे तुला माहीत आहे का, असं विचारतो. हे सगळं कशामुळे घडलं, हेही ईयोबाला शेवटपर्यंत सांगितलं जात नाही. एलीयाची भाकर ही त्याच्या कर्तबगारीची बिदागी नव्हती. तो झुडपाखाली निरुपयोगी होऊन पडला असतानाच ती भाजली गेली होती. या बाबतीत मला बायबल चित्रपटाहून अधिक दयाळू वाटतं.

चित्रपटाला या प्रश्नाची अंधूक जाणीव असावी, कारण शेवटाकडे जॉर्ज पुन्हा पुलावर येतो आणि दुसरी प्रार्थना करतो. ती पहिलीसारखी नाही. पहिलीत त्याला वाट हवी होती, अडचणीतून सुटका हवी होती. आता तो म्हणतो की माझं काय व्हायचं ते होवो, मला बायकोमुलांकडे परत ने, मला पुन्हा जगू दे. पैशाचा उल्लेख नाही. बर्फ पडू लागतं, ओठ पुन्हा रक्ताळलेला असतो, खिशात धाकट्या झूझूच्या फुलाच्या पाकळ्या सापडतात. ८,००० डॉलर अजूनही गायब आहेत आणि तो तुरुंगात जायला निघाल्याचा आनंद मानत रस्त्याने धावतो. गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि त्याच दमात माझ्या इच्छेप्रमाणे नको असंही म्हटलं. प्याला टळला नाही. लूकच्या शुभवर्तमानात तिथेही त्याला बळ द्यायला एक देवदूत येतो, जरी काही जुन्या हस्तलिखितांत ती ओळ नाही.

सुरुवातीच्या त्या घराघरांतल्या प्रार्थनांचं काय झालं, हे आता कळतं. जॉर्जची बायको मेरी नुसती प्रार्थना करून थांबली नव्हती. जॉर्ज अडचणीत आहे, हे तिने चार लोकांना सांगितलं आणि गाव बाहेर पडलं. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चार माणसं पांगळ्या मित्राला खाटेसकट उचलून आणतात, गर्दीमुळे दार सापडत नाही म्हणून छप्पर उकलून त्याला खाली सोडतात, आणि येशू त्या आणणाऱ्यांचा विश्वास पाहतो. पांगळा काही बोलल्याची नोंदच नाही. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र तुरुंगात असताना मंडळी मरियेच्या घरी त्याच्यासाठी प्रार्थना करत असते. तो सुटून येऊन दार ठोठावतो तेव्हा रोदा ही मुलगी आनंदाच्या भरात दार उघडायचंच विसरते, आणि आतल्यांचा तिच्यावर विश्वास बसत नाही. ज्यासाठी प्रार्थना करत होते तेच दारात उभं होतं! बेडफर्ड फॉल्समध्ये दार उघडंच आहे. टोपल्या, बरण्या, खिसे रिकामे होतात, टेबलावर नोटांचा ढीग साचतो. तपासनीसही आपली नोट टाकतो.

या दृश्याचं बायबलमधलं भावंड ईयोबाच्या शेवटच्या अध्यायात आहे, आणि ते सहज नजरेतून निसटतं. ईयोबाचे भाऊ, बहिणी, पूर्वीचे सगळे ओळखीचे त्याच्या घरी येतात, त्याच्याबरोबर भाकर खातात, त्याचं सांत्वन करतात, आणि प्रत्येक जण त्याला एक नाणं आणि एक सोन्याचं कडं देतो. काप्रांच्या मनात ही ओळ होती असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण घर तेच आहे, माणसांची रांग तीच आहे.

फरक त्याच्या एक ओळ आधी आहे. ईयोबाच्या तीन मित्रांनी, तूच पापी असशील म्हणून हे भोगतोस, असं सांगत त्याच्या जखमेवर मीठ चोळलं होतं. देव त्यांच्यावर रागावतो. माझ्याविषयी तुम्ही ईयोबासारखं बरोबर बोलला नाहीत, असं म्हणतो. म्हणजे तो सगळा आक्रोश, जन्मदिवसाचा तो शापही, देवाने ऐकून घेतला आणि ईयोबाच्या बाजूने उभा राहिला. मग तो त्या मित्रांना ईयोबाकडेच पाठवतो: तो तुमच्यासाठी प्रार्थना करील. ईयोब ती करतो, अंगावर राख आणि फोड असतानाच, काहीही परत मिळालेलं नसताना. त्यानंतर त्याचे दिवस पालटतात आणि ओळखीची माणसं नाणी घेऊन येतात. चित्रपटात पॉटर ८,००० डॉलर पचवून शेवटपर्यंत मोकळा राहतो. त्याला शिक्षा होत नाही, त्याची चोरी कुणाला कळतही नाही. स्तोत्रसंहितेत अशा माणसाविरुद्ध जळजळीत शापप्रार्थना आहेत, १०९वं स्तोत्र वाचून पाहावं. आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायात छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा अशी आज्ञाही आहे. काप्रांचं गाव यांतलं काहीच करत नाही. त्या रात्री सगळ्यांनी जॉर्जसाठी प्रार्थना केली. पॉटरविरुद्ध कुणी केली नाही, आणि पॉटरसाठीही नाही.